पुतणी वैमानिक व्हायला चालली आहे, आणि घरात एकच प्रश्न: हवेत इंजिन बंद पडलं तर?

सोनेगावकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. पुतणीला वैमानिक व्हायचंय. बारावी झाली, मेडिकल झालं, डीजीसीएच्या (विमान वाहतुकीचं सरकारी खातं) लेखी पेपरांची तयारी सुरू आहे. कमर्शियल लायसन्ससाठी २०० तास उडायचं असतं म्हणे. पैशाचं भाऊ बघतोय (बघतोय म्हणजे बुटीबोरीचा प्लॉट विकतोय). आमच्या आईने मात्र जेवताना एकच धोसरा लावलाय: "एकच इंजिन असते म्हणता ना, ते वर गेल्यावर बंद पडलं त पोरगी काय करन?"

माझं अख्खं आयुष्य नागपूरच्या सोनेगाव विमानतळाच्या आवाजात गेलंय. मोठी विमानं आणि फ्लाइंग क्लबची चिमुकली सेस्ना आवाजावरून ओळखतो. पण आईला उत्तर देता येईना. यूट्यूबवर पाहिलं तर एकतर किंकाळ्या, नाहीतर पार्श्वसंगीत.

म्हणून इथे विचारतो. छोटं विमान इंजिन बंद पडल्यावर सरळ खाली येतं का? इंजिन बंद पडतं तरी का? आणि नागपूरच्या आसपास उतरायची वेळ आलीच, तर जागा आहे का? जाणकारांनी घरच्या भाषेत सांगावं, आईला वाचून दाखवणार आहे.

टिवल्याबावल्या

फुटाळा तलावात उतरवायचं. वर फवारे, खाली मक्याचं कणीस. हलके घ्या काका.
(पुतणीला शुभेच्छा. धाग्यावर लक्ष आहे.)

कॅप्टन_गोळाभात

काकूंना पहिल्यांदा हे सांगा: विमानाला वर धरून ठेवतात ते पंख. इंजिन बंद पडलं तरी पंख तिथेच असतात. पंखांवरून हवा वाहत राहिली पाहिजे, आणि इंजिन नसताना ती वाहती ठेवायची तर नाक थोडं खाली करून उंची खर्च करायची. एवढाच व्यवहार.

आता आकडे. सेस्ना १७२ साधारण ६५ नॉट (ताशी १२० किलोमीटर) वेगाने घसरत आली, तर एक फूट उंची घालवून नऊएक फूट पुढे जाते. या वेगाला बेस्ट ग्लाइड म्हणतात. सेस्ना १५२ साठी तो ६० नॉट आहे. समजा पुतणी शहरातल्या झिरो माइलच्या वर जमिनीपासून ३,००० फुटांवर आहे आणि इंजिन गेलं. नऊने गुणलं की आठ किलोमीटर होतात. झिरो माइल ते सोनेगावची धावपट्टी सरळ रेषेत सातएक किलोमीटर. म्हणजे कागदावर ती धावपट्टीपर्यंत पोचते. प्रत्यक्षात समोरचा वारा, वळणात जाणारी उंची आणि पहिले काही सेकंद 'हे खरंच झालं का' यात जातात, त्यामुळे एवढ्या काठावरच्या हिशेबावर कोणी भरवसा ठेवू नये. पण काकूंच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं ना? सरळ खाली येत नाही. हातात चारेक मिनिटं असतात.

त्या चार मिनिटांचा क्रमही ठरलेला आहे. आधी वेग. मग जागा निवडून तिकडे वळायचं. मग इंजिन पुन्हा जिवंत होतं का ते बघायचं: फ्युएल सिलेक्टर (कुठल्या टाकीतून पेट्रोल घ्यायचं ती कळ), मिक्स्चर (पेट्रोल-हवेचं प्रमाण), कार्ब हीट (कार्ब्युरेटरला गरम हवा), मॅग्नेटोची (ठिणगी देणाऱ्या यंत्राची) किल्ली. नाहीच झालं तर रेडिओच्या १२१.५ या संकटकाळच्या किंवा चालू फ्रिक्वेन्सीवर मे-डे (मदतीची हाक), ट्रान्सपॉन्डरवर (रडारला विमानाची ओळख देणारं यंत्र) ७७०० हा संकटाचा आकडा. आणि टेकण्याआधी इंधन बंद, फ्लॅप (पंखांच्या मागच्या झडपा) टाकून झाले की मास्टर स्विच (सगळी वीज) बंद, पट्टे घट्ट, दारं किंचित उघडून ठेवायची. आदळल्यावर चौकट वाकली तर दार अडकून बसतं, म्हणून दाराचं महत्त्व.

या क्रमात रेडिओ इतका खाली का, असं लोक विचारतात. कारण टॉवरवाला विमान उडवू शकत नाही.

स्पॅनर_पाना

कॅप्टनसाहेबांनी उडवायचं सांगितलं, मी बंद का पडतं ते सांगतो. विमानांची देखभाल करण्यात नोकरी गेली, आता निवृत्त आहे.

लोकांना वाटतं इंजिन म्हणजे आत काहीतरी तुटलं. तुटतंही. पण त्याआधी पेट्रोल बघा. टाकी रिकामी होणं हे एक. टाकीत आहे पण इंजिनापर्यंत पोचत नाही, हे दुसरं. १७२ ला दोन्ही पंखांतल्या टाक्या एकत्र चालवायची सोय आहे. पायपर पीए-२८ ला नाही, तिथे डावी किंवा उजवी अशी निवडावी लागते, आणि वैमानिक बदलायला विसरला तर एक टाकी भरलेली असतानाही इंजिन गप्प होतं.

तिसरं, पाणी. पावसाळ्यात विमान उघड्यावर उभं असेल आणि टाकीच्या झाकणाचं रबर म्हातारं झालं असेल तर पाणी आत जातं. पेट्रोलपेक्षा जड म्हणून तळाशी बसतं. म्हणून उड्डाणापूर्वी तळाच्या नळीतून कपात नमुना काढतात. विमानाचं पेट्रोल, १०० एलएल, निळसर असतं. पाणी असेल तर कपाच्या तळाशी वेगळा बुडबुडा दिसतो. शिकाऊ पोरांना एक गोष्ट मी हमखास सांगायचो: कप अगदी नितळ दिसला तर खूश होऊ नका, कदाचित आत सगळंच पाणी आहे. रंग बघा, वास घ्या.

चौथं ऐकून आजी हसतील. बर्फ. नागपूरला. कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यातून हवा जाताना आणि पेट्रोलची वाफ होताना तिथलं तापमान वीस अंशांपेक्षा जास्त घसरू शकतं. मे महिन्याच्या कोरड्या दुपारी काही होत नाही. पण श्रावणात, बाहेर २६ अंश आणि हवा ओलीचिंब असताना, उतरण्यासाठी थ्रॉटल (इंजिनाची शक्ती कमी-जास्त करायचा दांडा) मागे घेतलं की गळ्यात बर्फ धरतो. आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) हळूहळू पडतो. कार्ब हीट ओढलं की आधी इंजिन आणखी खडखडतं, कारण वितळलेलं पाणी आत जातं. इथे नवखा घाबरून ते परत ढकलून टाकतो. टाकू नये. थांबावं, मग आरपीएम वर येतो. ज्या इंजिनात फ्युएल इंजेक्शन आहे, म्हणजे नवीन १७२ वगैरे, त्यांना हा त्रास नाही.

आणि बॅटरी गेली म्हणून इंजिन बंद पडत नाही बरं. ठिणगीसाठी दोन मॅग्नेटो असतात, ते इंजिनाच्याच फिरण्यावर चालतात. एक गेला तर दुसरा. उड्डाणाआधी धावपट्टीजवळ थांबून इंजिनाचा आवाज चढवलेला ऐकला असेल तुम्ही. तेव्हा एकेक मॅग्नेटो बंद करून बघत असतात. जुन्या सेस्नात १,७०० आरपीएमवर, आणि पडझड १२५ च्या आत हवी.

सोनेगावकर

वा, वा. स्पॅनरकाका, आई बर्फावर खरंच हसली. मग म्हणाली, "फ्रिजलेबी तं गर्मीतच बर्फ धरते." आता मी काय बोलू?

एक उपप्रश्न. उन्हाळ्यात आमच्या घरावरून जाताना सेस्ना फार खाली असते असं मला वाटायचं. भास की खरं?

कॅप्टन_गोळाभात

खरं आहे. सोनेगावची उंची समुद्रसपाटीपासून १,०३३ फूट. पण ४५ अंशांत हवा इतकी विरळ होते की इंजिन आणि पंख दोघांनाही आपण पाच हजार फुटांच्या आसपास आहोत असं वाटतं. महाबळेश्वर साडेचार हजार फुटांच्या आत आहे. म्हणजे मे महिन्यातल्या दुपारी सोनेगावची धावपट्टी विमानाच्या लेखी महाबळेश्वराच्याही वर! साध्या, टर्बो नसलेल्या इंजिनाची शक्ती हजार फुटांमागे तीनेक टक्के घटते. मग धाव लांबते, चढ मंदावतो, आणि काका म्हणतात तसं विमान घरावरून खालून जातं. म्हणून उन्हाळ्यात शिकवणी पहाटे असते.

प्रथमेश_एफएस

छान चर्चा. मी सिम्युलेटरवर बरीच वर्षं उडवतोय. माझ्या मते उड्डाणानंतर इंजिन गेलं तर बेस्ट म्हणजे लगेच १८० अंश वळून त्याच धावपट्टीवर यायचं. खाली पक्की धावपट्टी आहे, अॅम्ब्युलन्स आहे, फायर ब्रिगेड आहे. शेतात कशाला जायचं? मी ४०० फुटांवरून कितीतरी वेळा करून पाहिलंय, जमतं.

कॅप्टन_गोळाभात

प्रथमेश, सिम्युलेटरमध्ये इंजिन कधी बंद होणार हे तुला माहीत असतं, कारण बटण तूच दाबतोस. आकाशात पहिले तीन-चार सेकंद माणूस नुसता बघत राहतो. त्या वेळात चढायला वर केलेलं नाक तसंच राहतं आणि वेग गळतो.

आता वळण. ३० अंश तिरपं करून वळलास तर अर्धा फेरा पुरा व्हायला वीसेक सेकंद लागतात. आणि अर्धा फेरा पुरा झाला की धावपट्टी खाली नसते, बाजूला चारशे मीटरवर असते. तिच्यावर यायला आणखी वळ, मग सरळ होण्यासाठी उलटं वळ. घाईत माणूस जास्त तिरपं करतो. ४५ अंशांत समान उंची राखायला गेलास तर स्टॉलचा वेग (ज्याखाली पंख विमान पेलू शकत नाहीत) एकोणीस टक्के वाढतो, ६० अंशांत एक्केचाळीस. समोर जमीन वर येताना दिसते, हात आपोआप स्टिक मागे ओढतो, एक पंख आधी स्टॉल होतो आणि विमान गिरकी घेत खाली येतं. त्या उंचीवरून सावरायला जागाच नसते.

पुरेशी उंची असेल तर परत फिरता येतं, हे मान्य. ती उंची किती, हे विमान, वजन, वारा आणि वैमानिकाचा सराव यावर ठरतं, आणि ते जमिनीवर असताना ठरवायचं असतं. त्या उंचीच्या खाली नियम एकच: समोर, डावी-उजवीकडे ३० अंशांच्या पंख्यात जे बरं दिसेल तिथे.

सोनेगावला तर आणखी एक गंमत. धावपट्टी ३,२०० मीटर लांब आहे. छोटी सेस्ना पाचसहाशे मीटरांत जमीन सोडते. तीनशे फुटांवर इंजिन गेलं तर पुढे अजून किलोमीटरभर तरी डांबर शिल्लक असतं. वळायचंच कशाला? नाक खाली, समोर उतर. अट एवढीच की उड्डाण धावपट्टीच्या टोकापासून सुरू केलेलं हवं. मधल्या टॅक्सीवेवरून घुसून 'तेवढीच पाच मिनिटं वाचली' करणाऱ्यांना हे दान मिळत नाही.

मृदुला_धरमपेठ

मी भौतिकशास्त्र शिकवते, विमानातलं काही कळत नाही, पण परत फिरण्याबद्दल एक गोष्ट राहिली असं वाटतं. उड्डाण वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने करतात ना? मग परत फिरलं की वारा पाठीशी येणार.

विमानाचा हवेतला वेग ६० नॉट धरा, वारा १५. वाऱ्यासमोर उतरलात तर जमिनीवरचा वेग ४५. पाठीशी घेतलात तर ७५. ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे जवळपास पावणेतीन पट. तेच विमान, तोच माणूस.

आणि थांबायला किती अंतर लागतं ते काढलं तर आजींनाही धीर येईल. मंदन एकसारखं ९ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या नऊपट, धरलं (पट्टे नीट बांधलेला माणूस हे थोडा वेळ सोसतो), तर ताशी ८० किलोमीटरवरून थांबायला तीन मीटरसुद्धा लागत नाहीत. ताशी १६० वरून सव्वाअकरा मीटर लागतात. म्हणजे कमी वेगाने, आडवं, सरळ टेकलं तर पंख मोडोत, चाक तुटो, आतली माणसं वाचायला थोडीशी जागाही पुरते. प्रश्न येतो तो उभं कोसळण्याचा, कारण तिथे थांबायला अंतरच मिळत नाही.

कॅप्टन_गोळाभात

मृदुलाताई, हे आमच्या ग्राउंड क्लासला येऊन सांगा. विमान वाचवायला गेलेला माणूस हेच विसरतो. इंजिन गेलं त्या क्षणी विमान विमा कंपनीचं झालं असं समजावं. झाड आलं तर पंखाने घ्यावं, केबिनने नाही.

२५ जुलै २०२२ ला इंदापूर तालुक्यात कडबनवाडीत सेस्ना १५२ शेतात उतरलं. शिकाऊ मुलगी, आत एकटीच. इंजिनाची शक्ती गेली होती. विमानाचं बरंच नुकसान झालं, मुलगी किरकोळ जखमांवर बाहेर आली. काकूंना हे नक्की वाचून दाखवा.

स्पॅनर_पाना

नागपूरचा इतिहास सांगायचा तर उलटं उदाहरणही आहे. १९४९ पासून रात्रीच्या टपालाची विमानं मुंबई, कलकत्ता, दिल्ली, मद्रासहून सोनेगावला येऊन मध्यरात्री थैल्यांची अदलाबदल करत. १२ डिसेंबर १९५३ ला इंडियन एअरलाइन्सचा डाकोटा इथून उडाला आणि लगेच एका इंजिनाची शक्ती गेली. चौदापैकी तेरा जण गेले. त्याला इंजिनं दोन होती. म्हणून आजींचा 'एकच इंजिन' हा मुद्दा तेवढा सोपा नाही. दोन इंजिनांच्या विमानात एक गेलं की दुसरं विमानाला एका बाजूला वळवू लागतं, आणि वेग कमी असेल तर ते आवरत नाही.

प्रथमेश_एफएस

ओके कॅप्टन, ४०० फुटांचा मुद्दा मागे घेतो. पण इंजिन पूर्ण बंद न पडता थोडंफार चालू असेल तर? तेव्हा तरी परत फिरायला हरकत नसावी ना? शक्ती आहे थोडी.

कॅप्टन_गोळाभात

बरं झालं विचारलंस. मला या धाग्यावर खरं बोलायचंय ते हेच.

ऑस्ट्रेलियाच्या वाहतूक सुरक्षा ब्युरोने २००० ते २०१० मधल्या एक-इंजिनी विमानांच्या नोंदी तपासल्या. उड्डाणानंतर इंजिन पूर्ण बंद पडल्याच्या घटना ७५. शक्ती अर्धवट गेल्याच्या २४२. म्हणजे अर्धवट तिपटीहून जास्त. आता माणसं कशात दगावली? अर्धवटातल्या नऊ घटनांत. पूर्ण बंद पडलेल्यांत एकाही नाही.

उलटं वाटतं ना? पण विचार करा. इंजिन ठार बंद झालं की वैमानिकाच्या डोक्यातला वाद संपतो. खालीच जायचंय, मग कुठे ते बघू. अर्धवट चालणारं इंजिन मात्र आशा दाखवतं. आरपीएम २,३०० चा १,९०० झालाय, विमान थरथरतंय, पण पडत तर नाहीये. चढत नाहीये एवढंच. मग वाटतं हळूच फिरू, धावपट्टी ती काय मागेच आहे. वळायला घेतलं की उंची सुटते. उंची सुटू नये म्हणून नाक वर. नाक वर म्हणून वेग कमी. आणि नेमकं तेव्हा उरलेलं इंजिनही जातं, खाली वस्ती, हातात ना उंची ना वेग. लग्न मोडायचं तर साखरपुड्याआधी मोडावं, मांडवात नाही. इथे लोक मांडवात जाऊन पोचतात.

आम्हाला शिकवतानासुद्धा प्रशिक्षक थ्रॉटल पूर्ण मागे घेतो आणि म्हणतो, "इंजिन गेलं, दाखव." अर्ध्यावर ठेवून "आता काय?" असं विचारणारे मला फार थोडे भेटले. परीक्षेत तेच येतं, म्हणून शिकवणीत तेच.

मग करायचं काय? माझं मत (इतर वैमानिकांनी खोडावं): वेग आधी, बेस्ट ग्लाइडच्या खाली जाऊ द्यायचा नाही. पंख शक्य तेवढे समतल. त्या शक्तीत उंची टिकते का, हे काही सेकंदांत कळतं. टिकत नसेल तर इंजिन बंदच आहे असं धरून समोर जागा निवडायची. टिकत असेल तरीसुद्धा उतरता येईल अशा जागांच्या डोक्यावरूनच जायचं, आणि त्या इंजिनावर पुढच्या अर्ध्या मिनिटापलीकडे काही बेतायचं नाही. चांगलं शेत खाली असताना, थोडी शक्ती हातात असताना स्वतः ठरवून उतरणं हे इंजिन मेल्यावर नशिबाने मिळेल तिथे उतरण्यापेक्षा केव्हाही बरं.

हे त्या क्षणी सुचत नाही. म्हणून उड्डाणाआधी मोठ्याने म्हणायचं: "धावपट्टीवर बिघडलं तर थ्रॉटल बंद, ब्रेक. उडाल्यावर धावपट्टी उरली असेल तर पुढेच उतरणार. नसेल तर अमुक बाजूच्या मोकळ्या जागेकडे. अमुक फुटांच्या वर गेल्यावरच परत फिरायचा विचार. शक्ती अर्धवट गेली तरी हेच." शेजारी कोणी नसलं तरी म्हणायचं.

स्पॅनर_पाना

+१. आणि अर्धवट का जाते तेही सांगतो. स्पार्क प्लगवर शिसं साचतं (१०० एलएलमध्ये शिसं असतंच), व्हॉल्व्ह अडकतो, चारपैकी एक सिलिंडर काम करेनासं होतं. असं इंजिन तासभर चालेल किंवा मिनिटभर. हवेत बसून निदान करायला जाऊ नये.

टिवल्याबावल्या

मग सोनेगाववरून उडाल्यावर 'अमुक बाजू' कुठली? एका टोकाला जयताळा-हिंगणा एमआयडीसी, दुसऱ्या टोकाला वर्धा रोड, त्यावर मेट्रोचे खांब. समृद्धीवर उतरलं तर चालतं का? शिवमडक्यापासून सुरू होतो, जवळच आहे. टोल कोण भरणार हा वेगळा मुद्दा.

कॅप्टन_गोळाभात

समृद्धीचा विचार सगळ्यांच्या मनात येतो. ६० नॉट म्हणजे ताशी १११ किलोमीटर. तिथे गाड्यांना १२० ची मुभा आहे. म्हणजे मागची गाडी तुमच्यापेक्षा जोरात. शिवाय वरून जाणारे पूल, दिशाफलकांच्या कमानी, मधला दुभाजक. रस्ता वरून गुळगुळीत दिसतो, पण त्यावर दुसऱ्याची लेकरंबाळं असतात. रिकामं शेत असेल तर मी शेत घेईन.

फुटाळा, अंबाझरी तर नकोच. सेस्नाची चाकं आत घेता येत नाहीत, पाण्याला लागली की विमान तोंडावर उलटतं.

वावरवाला_काटोल

राम राम मंडळी. मी कईपासून वाचून राह्यलो. तुमी सारे वावर वावर करता, पण वावर वावरात फरक असते ना जी.

संत्र्याच्या बगिच्यात घुसू नका. झाडं सहा-सहा मीटरवर राह्यते. तुमच्या इमानाचे पंख किती? अकरा मीटर? झालं मंग. पऱ्हाटी, म्हंजे कपाशी, दिवाळीच्या टायमाले छातीइतकी होते, तुरीचं तर इच्यारूच नका. सोयाबीन निंघालं का दसऱ्या-दिवाळीले वावर रिकामं होते, तवा जागाच जागा. चना, गहू लहान असन तं बरं. पावसाळ्यात आमची काळी जमीन म्हंजे चिखलाचा गोळा, समोरचं चाक जे रुतन ते इमान पलटी. उन्हाळ्यात तिलेच हात हात भेगा.

नांगरलेलं असन तं तासाच्या, म्हंजे नांगराच्या रेघेच्या, दिशेनं उतरा, आडवं गेलं का उसळ्या खासान. धुऱ्यावर बाभळी अन् काट्यांचं तार राह्यते. भंडाऱ्याकडे, मौद्याकडे धानाच्या बांध्या हायेत, दर दहा पावलाले पार (बांध), तिथं तं चाक राह्यतच नाई.

अन् सर्वात मोठी गोष्ट कोनीच नाई सांगतली. हीर. आमच्याइकडे कितीक हिरींले कठडाच नाई. वरून दिसते का तुमाले?

कॅप्टन_गोळाभात

भाऊ, दंडवत. विहीर वरून दिसते ती बहुतेक शेवटच्या दोनशे फुटांवर, तोपर्यंत ठरलेलं असतं. पण पंपाची खोली दिसते, तिच्याकडे जाणारा विजेचा खांब दिसतो. खांब दिसला की जवळ विहीर किंवा बोअर आहे असं धरायचं, आणि तार आहे हे तर नक्कीच. तार कधीच दिसत नाही, खांब दिसतात. दोन खांबांच्या मधे तार आहेच असं समजून खांबाच्या डोक्यावरून जायचं. कोराडी-खापरखेड्याच्या बाजूला तर वीजकेंद्रांमुळे मोठ्या वाहिन्यांचं जाळं आहे, तिकडे कमी उंचीवर मी नकाशा मांडीवर घेऊन जातो.

तासाच्या दिशेचं अगदी बरोबर. वारा फार जोराचा नसेल तर तास आधी, वारा नंतर.

संपादक मंडळ

समृद्धीचा टोल, मेट्रोचे खांब आणि फ्लाइंग क्लब कधी पूर्ववत चालणार यावरचे सात प्रतिसाद वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत. कृपया विषयाला धरून लिहावे.

सोनेगावकर

सगळ्यांचे आभार. रात्री आईला पूर्ण वाचून दाखवलं. विहिरीपाशी तिने दोनदा "हो ना बाप्पा" केलं. पुतणीही शेजारी येऊन बसली, तिने 'अर्धवट'वाला प्रतिसाद कॉपी करून घेतलाय.

शाळा अजून ठरलेली नाही. गोंदियाची बिरसी, बारामती, मध्य प्रदेशातल्या एकदोन, अशी यादी आहे. भेटायला गेल्यावर विचारायचं काय? फी आणि होस्टेल सोडून.

कॅप्टन_गोळाभात

पहिलं: जबरदस्तीच्या उतरणीचा सराव फक्त सोलोच्या (पहिल्यांदा एकट्याने उडायच्या) आधी एकदा उरकतात की पुढेही अचानक घेतात. दुसरं: अर्धी शक्ती ठेवून घेतात का. तिसरं: उड्डाणाआधीची ती ब्रीफिंग विद्यार्थी मोठ्याने म्हणतात का, हँगरबाहेर अर्धा तास उभे राहिलात तर न विचारताही कळेल. चौथं: विद्यार्थ्याने "इंजिन खडखडतंय, मी जात नाही" म्हटलं तर त्याला काय ऐकावं लागतं. हे प्रशिक्षकाला विचारू नका, मेसमध्ये जेवणाऱ्या पोरांना विचारा.

बिरसीला डायमंड विमानं आहेत, त्यांच्या डिझेल इंजिनाला विमानाचं रॉकेल म्हणजे एटीएफ लागतं. तिथे कार्ब हीट नाही, मिक्स्चर नाही, बरंचसं संगणक बघतो. त्या विमानात मात्र चुकीचं इंधन भरलं जात नाहीये ना, हे स्वतः उभं राहून बघायचं.

स्पॅनर_पाना

आणि एएआयबी, म्हणजे अपघात तपासणारी सरकारी संस्था, तिचे अहवाल संकेतस्थळावर फुकट मिळतात. इंग्रजी रुक्ष आहे, पण पुतणीला आठवड्याला एक वाचायला लावा. शेवटचं पान आधी वाचायचं नाही. अर्ध्यावर थांबून 'मी इथे काय केलं असतं' ते लिहायचं, मग पुढे.

वावरवाला_काटोल

एक राह्यलंच. उद्या खरंच माया वावरात इमान उतरलं तं आमी काय करावं? पोट्टे तं मोबाईल घेऊन धावनच. अन् सोयाबीन मोडलं तं पैसे कोन देईन?

स्पॅनर_पाना

११२ ला फोन. विडी-सिगारेट आधी विझवा, पंखातून पेट्रोल गळत असतं. पंखा फिरत नसला तरी त्याच्या समोर उभं राहायचं नाही. आत माणूस असेल तर बाहेर काढा, त्यासाठी जे मोडावं लागेल ते मोडा. माणूस निघाला की मग मात्र विमानाला हात लावायचा नाही, तुकडासुद्धा उचलायचा नाही, तपासणीवाले येईपर्यंत ते तसंच राहायला हवं. पोट्ट्यांना दोरी बांधून लांब ठेवा.

सोयाबीनचं म्हणाल तर तलाठ्याला बोलावून पंचनामा करून घ्या आणि ज्यांचं विमान आहे त्यांच्याकडे लेखी मागा, विमा त्यांचा असतो. फोटो तारखेसकट काढून ठेवा. पीक विम्याच्या फॉर्ममध्ये 'विमान पडले' असा रकाना नाही, ते आधीच सांगून ठेवतो.